रात्रीचा दिवस

फोटो काढताना सूर्य पाठीशी असावा, हा मंत्र आमच्या पिढीला मुंजीतल्या गायत्रीइतक्याच गंभीरपणे दिला गेला होता. कॅमेऱ्याच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात तो छापलेला असे, स्टुडिओवाला तो ऐकवी, आणि ज्याने जन्मात कॅमेरा हातात धरला नाही असा शेजारीसुद्धा गॅलरीतून "सूर्य पाठीशी घ्या हो!" म्हणून ओरडे. आता सूर्य फोटो काढणाऱ्याच्या पाठीशी म्हणजे फोटोत असणाऱ्याच्या डोळ्यांत. त्यामुळे आमच्या आल्बममधले यच्चयावत नातेवाईक, समोरच्याने पैसे बुडवल्यासारखे डोळे बारीक करून बघताहेत.

सूर्य मावळला की कॅमेरा चामडी पिशवीत आणि पिशवी कपाटात. रात्री फोटो निघे तो फक्त वरातीचा. फ्लॅशच्या लखलखाटात नवरा-नवरी पिठात लोळल्यासारखी पांढरी, घोडा बावचळलेला, आणि त्याच्यामागे पाच फुटांवर जग संपलेले. त्याला रात्रीचा फोटो म्हणता येत नाही. रात्रीला हुसकावून लावल्याचा तो पुरावा असतो.

माझ्या भाच्याने हा मंत्रच उलटा केला. तो दिवसा बँकेत असतो आणि शनिवारी रात्री शहापूर नाहीतर मुरबाड तालुक्यातल्या कुठल्यातरी बांधावर. बरोबर कॅमेरा, तिवई (तिला 'ट्रायपॉड' म्हटल्याशिवाय तिचे पाय उघडत नाहीत), थर्मासमध्ये चहा आणि कानात आईची बोलणी. रात्री दोन वाजता तिवई लावून बांधावर उभा असलेला माणूस पाहून आमच्या भागात भुताची शंका कुणालाच येत नाही. लोक सरळ विचारतात, "साहेब, रस्ता कुठून जाणार?" मोजणीवाले सोडून तिवई घेऊन गावात येतो कोण? समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, त्याचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी वाहतुकीला उघडला, तरी लोकांची ही धास्ती काही गेलेली नाही. "मी चांदण्यांचे फोटो काढतोय" या उत्तरावर कुणाचा विश्वास बसत नाही. एका म्हाताऱ्याने तर म्हणे शांतपणे विडी विझवून विचारले, "आता चांदण्या पन घेनार का?"

तर या भाच्याने परवा साठेक फोटो माझ्यापुढे टाकले आणि म्हणाला, "मामा, परखड बोला." मराठीत 'परखड बोला' याचा अर्थ 'कौतुकच करा, पण कपाळाला आठ्या घालून करा' असा आहे, हे मला ठाऊक आहे. पण निवृत्त माणसाला परखडपणाची संधी रोज कुठे मिळते? मी चष्मा पुसला.

पहिला फोटो माहुलीचा. ज्यांनी फक्त आसनगाव स्टेशनातून माहुली पाहिली असेल त्यांच्यासाठी सांगतो, की या डोंगराला नवरा, नवरी आणि भटोबा अशा नावांचे सुळके आहेत. कॅमेरा जागचा न हलवता ध्रुवाकडे तोंड करून तास तास ठेवला की ताऱ्यांच्या रेघा उमटतात, कारण आकाश तासाला पंधरा अंश फिरते. ध्रुव मात्र जागेवर. शहापूरचा अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास, म्हणून आमचा ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर. हात ताठ धरून एकावर एक दोन मुठी ठेवल्या की संपला. युरोपातल्या फोटोंत तो पार वर जाऊन बसतो. आमच्याकडे बिचारा सुळक्यांना टेकून असतो, म्हणून एकाच चौकटीत दोन्ही मावतात. भाच्याच्या फोटोत नवरा-नवरी ढिम्म हलत नाहीत, भटजीही हलत नाही, आणि सप्तपदी घालताहेत ते तारे! मला हे लग्न फार आवडले. फक्त भाच्याने चार-पाच तासांचे फोटो एकावर एक रचून आकाशाची पार ग्रामोफोनची तबकडी करून टाकली होती. पाऊण तासाच्या तुटक रेघांत काहीतरी चालले आहे असे वाटते. पाच तासांच्या रेघांत काहीतरी वाजणार आहे असे वाटते.

दुसरा फोटो पौर्णिमेचा, वैशाखऱ्याच्या बाजूने दिसणाऱ्या नाणेघाटाचा. तो कड्याचा सुळका, ज्याला नानाचा अंगठा म्हणतात, खडान्‌खडा स्वच्छ. आकाश निळे, गवतावर चक्क रंग. दुपारी चारचा फोटो वाटावा, फक्त तारे घरी जायचे विसरलेले.

यात खोटे काही नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. चांदणे म्हणजे शेवटी चंद्रावरून आलेले, वापरलेले ऊनच. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या साधारण चार लाखांश उजेड देतो. दुपारी ज्या फोटोला सेकंदाचा एकशेपंचविसावा भाग पुरतो त्यालाच, तेच ॲपर्चर आणि तीच फिल्म ठेवून, पौर्णिमेला त्रेपन्न मिनिटे लागावीत, असा हिशेब मी लग्नपत्रिकेच्या पाकिटावर करून पाहिला. प्रत्यक्षात फिल्मला त्याहूनही जास्त लागतात, कारण मंद उजेडात फिल्म थोड्याच वेळात कामाला कंटाळते. या कंटाळ्याचे गणित कार्ल श्वार्ट्सशिल्ड नावाच्या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने मांडले. पुढे १९१६ साली याच गृहस्थाने आइन्स्टाइनची समीकरणे सोडवली आणि त्यातून कृष्णविवर, म्हणजे ज्यातून उजेड बाहेरच पडत नाही असे प्रकरण, निघाले. अंधाराचा एवढा नाद असलेला माणूस आमच्या भाच्याला आजोबा म्हणून शोभला असता.

हल्लीच्या कॅमेऱ्याला कंटाळा येत नाही. अर्ध्या मिनिटात तो चांदण्याचे ऊन करून देतो. माझी तक्रार वेगळी आहे. चांदण्यात माणसाच्या डोळ्यांतल्या रंग ओळखणाऱ्या पेशी जवळजवळ रजेवर जातात. गवत हिरवे आहे हे आपण दिवसाच्या आठवणीवरून म्हणतो. म्हणजे त्या रात्री त्या घाटात उभ्या असलेल्या भाच्याने जे पाहिले नाही ते फोटोत आहे, आणि जे पाहिले त्यातले काहीच नाही! मोबाइल फोनने तर यावर कडी केली आहे. त्यात 'नाइट मोड' नावाची सोय असते आणि तिचे काम रात्र नाहीशी करणे. रात्रीचा दिवस करणे हे आपल्याकडे कष्टाळू माणसाचे लक्षण. फोन ते तीन सेकंदांत करतो. त्यात कष्टही नाहीत आणि रात्रही नाही.

भाजी चाखणारा आधी मीठ बघतो, तसा मी रात्रीच्या फोटोत आधी काळोख किती राखला आहे ते बघतो. यातला उस्ताद म्हणजे पॅरिसचा ब्रासाई. त्याचे 'पॅरिस दे नुई' हे रात्रीच्या पॅरिसच्या फोटोंचे पुस्तक १९३३ साली निघाले. धुके, ओले दगडी रस्ते, गॅसचे दिवे. दिवा शक्यतो झाडाच्या बुंध्याआड नाहीतर भिंतीआड ठेवायचा आणि उजेड तेवढा घ्यायचा, ही त्याची खोड. घड्याळाऐवजी तो सिगारेट पेटवी. ती संपली की झाकण बंद. अंधार जास्त असेल तर जाड सिगारेट! भाचा निर्व्यसनी आहे, म्हणून मी त्याला भीमरूपी सुचवले. मात्र आमच्या सौ.चे भीमरूपी प्रमाण मानू नये. शनिवारी सकाळी गॅसवर दूध असेल तर ते निम्म्या वेळात होते.

आणि खरी गंमत, भाचा सांगतो, ती झाकण उघडल्यावरच सुरू होते. तेव्हा करायला काहीच नसते. कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, बॅटरी लावायची नाही. डोळे अंधाराला सरावायला वीसेक मिनिटे लागतात, आणि एखादा मोटारसायकलवाला दिवा मारून गेला की पुन्हा पहिल्यापासून. मग कान जागे होतात. रातवा एकसुरी ठोकत असतो, लांब कुठेतरी कसाऱ्याच्या चढावर गाडी कण्हत असते. फोटो कसा येणार याची कल्पना नाही. परीक्षेचा पेपर देऊन निकालापर्यंत गावी गेल्यासारखे सुख! बँकेतल्या माणसाला अर्धा तास कुणी काही विचारत नाही, याची किंमत बँकेतल्याच माणसाला कळावी.

काजव्यांच्या फोटोवर मात्र आमचे जुंपले. मेअखेरीपासून जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत सिद्धगडाच्या पायथ्याला, माळशेजखालच्या रानात झाडेच्या झाडे लुकलुकतात. हल्ली त्यांचे जे फोटो गाजतात ते तास-दोन तासांतले शेकडो फोटो एकावर एक रचून केलेले असतात. प्रत्येक काजवा जिथे जिथे चमकला तिथे तिथे ठिपका. परिणामी ऐनाचे झाड कल्याणच्या मंगल कार्यालयासारखे दिसते. अरे, काजव्याची सगळी मजा त्याच्या विझण्यात आहे! झाडभर उजेड होतो, जातो, आणि त्या जाण्यात आपण श्वास धरतो. तो श्वास या फोटोत कुठे आहे? शिवाय ही चमक म्हणजे नराने मादीला घातलेली साद. त्यांचे तिथे कांदेपोहे चाललेले असतात आणि पाहायला गेलेली मंडळी मध्येच मोबाइलची बॅटरी लावतात. मी ढिगातून एक फोटो काढला. एकच, वीस सेकंदांचा. काळे रान आणि सात ठिपके. म्हटले, "हा ठेव."

"मामा, याला कोणी लाइक देणार नाही."

"काजव्याला मादीने दिला म्हणजे झाले."

माळशेज घाटातल्या ट्रकांचे फोटो मी भराभर उलटले. येणाऱ्यांची पांढरी रेघ, जाणाऱ्यांची लाल रेघ. असा फोटो माळशेजचा की मनालीचा हे खुद्द ट्रकवालाही सांगू शकणार नाही. पौष पौर्णिमेच्या म्हसा यात्रेत आकाशपाळण्याची जिलबी झाली होती. तिच्यापेक्षा मला बाजूचा, बैलांच्या ओळीशेजारी शेकोटीला पाठ देऊन घोंगडीत बसलेला माणूस आवडला. आणि पहिल्या पावसातला एक फार चांगला होता. खेकडे धरायला निघालेले ठाकर. माणसे दिसतच नाहीत. खाचरांतून पुढे गेलेला बत्त्यांचा उजेड तेवढा वेडावाकडा, जिथे खेकडा सापडला असेल तिथे जरा घुटमळलेला. कुणाचे कालवण कुठे मिळाले याचा नकाशाच.

शेवटचा फोटो भाच्याने खाली लपवून ठेवला होता. एप्रिलमधला, शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, पहाटे तीनचा. काळोखात एक विहीर आणि ती आतून उजळलेली, कंदिलासारखी. दगडी कडे सोन्याचे झाले आहे. कडेने हंड्यांची रांग, एकेक हंडा रेखीव, त्याच्यावरचे पोचेसुद्धा मोजून घ्यावेत. बायका मात्र नाहीत. म्हणजे आहेत, पण धुरासारख्या. वीस सेकंदांत वाकल्या, उठल्या, सरकल्या, म्हणून पुसल्या गेल्या. जे रांगेत निमूट उभे राहिले ते हंडे तेवढे फोटोत आले.

साठांतला सर्वांत सुंदर फोटो हाच, आणि 'वा' म्हणायला माझे तोंड उघडेना. तानसा धरण १८९२ सालचे. तेव्हापासून या तालुक्याचे पाणी मुंबईला जाते आहे. पुढे भातसाही त्यात आली. आणि इथे उन्हाळ्यात झरा भरेपर्यंत बायका रात्र जागतात. ज्या अंधाराचे मी मघापासून कौतुक करतो आहे तो यांनी काही हौसेने घेतलेला नाही.

"विहिरीत दिवा कुणी सोडला?" मी विचारले.

"मीच धरला होता. त्या म्हणाल्या, फोटो काढ नाहीतर काय पण कर, आधी बॅटरी धर, तळ दिसत नाही. मग तिवईवर कॅमेरा लावला, टायमर दिला आणि ओणवा झालो. उजव्या कडेला तो गोळा आहे ना, तो मी."

रात्रीच्या उजेडाचा यापेक्षा बरा उपयोग साठ फोटोंत दुसरा नव्हता, आणि हे मी आठ्या न घालता सांगितले. भाच्याची अडचण वेगळीच होती. फोटोत विहिरीच्या मागे, क्षितिजावर, तांबूस झळाळी आली होती. तो ती कॉम्प्युटरवर पुसणार होता. प्रकाशाचे प्रदूषण म्हणतात त्याला, आकाशाच्या फोटोवाले ते काढूनच टाकतात. मी म्हटले, खबरदार! सगळ्या फोटोंत एवढा एकच उजेड असा आहे की जो पलीकडून इकडे येतो. बाकी सगळे इथून तिकडे जाते.

तेवढ्यात मामी चहा घेऊन आली. तिने ट्रे खाली ठेवून फोटो डोळ्यांजवळ नेला.

"किती छान रे! पहाट झाली वाटतं."

"मामी, ती पश्चिम आहे. तिकडे भिवंडी, कल्याण आणि पलीकडे मुंबई."

"मग रात्री तीन वाजता एवढे दिवे लावून त्यांचं चाललंय काय?"

"ते मला काय माहीत?" भाचा म्हणाला आणि चहाचा कप उचलला.