कॅमेरा कुठे बसतो?

चित्रपटकलेच्या प्राथमिक पुस्तकांत एक सोपे सूत्र असते. कॅमेरा खाली ठेवून वर पाहिले की माणूस थोर दिसतो; वरून खाली पाहिले की बापुडवाणा. क्लोज-अपमध्ये मन दिसते, लाँग शॉटमध्ये परिसर. सूत्र खोटे नाही. पण तेवढ्यावर विसंबून चित्रपट पाहणे म्हणजे मात्रा मोजून कवितेचा आस्वाद घेणे होय, असे मला वाटते.

ऑर्सन वेल्सचा 'सिटिझन केन' (१९४१) घ्या. निवडणूक हरलेला केन आणि दारू पिऊन आलेला त्याचा जुना मित्र समोरासमोर येतात. हा प्रसंग छायालेखक ग्रेग टोलंडने जमिनीलगत टिपला. त्यासाठी सेटच्या जमिनीत खड्डा करावा लागला. सूत्राप्रमाणे केन थोर दिसायला हवा. दिसतो तो अवाढव्य, आणि त्याच्या डोक्यावर छत दडपून बसलेले. मोठा उरला आहे तो फक्त अहंकार.

आता यासुजिरो ओझूचा 'टोकियो स्टोरी' (१९५३) पाहा. ओनोमिचीहून म्हातारे आईबाप मुलांना भेटायला राजधानीत येतात. मुले दुष्ट नाहीत. त्यांना सवड नाही. विधवा सून तेवढी एक दिवस रजा काढून त्यांना शहर दाखवते. येथेही कॅमेरा खालीच आहे, पण कोणी भव्य होत नाही. चटईवर बसलेल्या माणसांच्या सोबतीला बसावे तसा तो बसतो, आणि सहसा हलत नाही.

पाटावर जेवलेल्या मराठी घराला ही उंची समजावून सांगायला नको. उभ्याने बोलणारा पाहुणा निघायच्या बेतात असतो. बसलेला ऐकायला आलेला असतो. ही संथता कित्येकांना जड जाईल, हे मान्य. पण शेवटी पत्नीच्या मागे घरात एकटा उरलेला म्हातारा दिसतो, तेव्हा दिग्दर्शक जवळ जाऊन त्याचे अश्रू शोधत नाही. तो नुसता बसून राहतो. दुःखाचा एवढा आदर मी पडद्यावर क्वचितच पाहिला आहे.

दोन्हीकडे कॅमेरा खालीच. एकीकडे तो माणसाला जोखतो, दुसरीकडे सोबत करतो. हा फरक पुस्तकातल्या सूत्रात सापडत नाही.

यंदा फराळाच्या वेळी आपणही घरातल्यांची छायाचित्रे काढालच. आजी चटईवर बसली असेल, नात रांगोळीपाशी. उभ्यानेच फोन खाली रोखलात, तर आजीच्या चेहऱ्याऐवजी डोईवरचे पांढरे केसच येतील. त्यापेक्षा क्षणभर तिच्याजवळ बसा, आणि मग टिपा.