हे वास्तव कोणाचे?

पिशोरला विद्यार्थ्यांना वास्तववाद शिकवताना एका परदेशी खेळाचा दाखला मला फार उपयोगी पडतो. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी तो १९७४ साली अमेरिकेत आणला. टेबलाभोवती बसायचे, प्रत्येकाने एक पात्र व्हायचे, एकाने कथा चालवायची. पात्राचे धाडस फळले की फसले, हे फाशांनी ठरवायचे.

या खेळात उडते अजस्र सर्प आग ओकतात, मंत्राने प्रेते उठतात. ते कोणाला खटकत नाही. पण १९७४ च्या नियमांत खुज्यांच्या वंशातले पात्र फक्त योद्धा होऊ शके. जादूगार होणे त्याला बंद. योद्धा म्हणूनही सहाव्या पायरीपुढे वाट नाही. मानवी पात्राला अशी मर्यादा नव्हती. पराक्रम कितीही करा, जन्म आडवा येणारच!

अशा नियमाचे समर्थक खेळाचा समतोल पुढे करतात. तो मुद्दा तपासता येतो. परंतु ‘हे स्वाभाविकच आहे, साधी अक्कल आहे’ असे म्हटले जाते, तेव्हा तपासणीच थांबते. आपल्याला ही अक्कल चांगलीच परिचयाची आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’च्या पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला शिडी नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली. तो मनोराही शतकानुशतके स्वाभाविकच मानला गेला होता.

साहित्यातही हेच घडते. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ साली आले. आजही ते शिकवताना ‘असे खरेच घडते का?’ हा प्रश्न मला ऐकावा लागतो. पुराणातला चमत्कार बिनतक्रार स्वीकारणारा वाचक गावकुसाबाहेरच्या भुकेला मात्र पुरावा मागतो.

नियम माणसांनी केलेले असतात, म्हणून ते बदलतात. या खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत त्या मर्यादा गेल्या. २०२४ च्या नियमपुस्तकात ‘वंश’ जाऊन ‘प्रजाती’ हा शब्द आला आणि पात्राच्या गुणांत पडणारी भर जन्माऐवजी त्याच्या पूर्वीच्या कामधंद्याशी जोडली गेली. हे स्वागतार्ह आहे. पण जिथे धंदाच जन्माने गळ्यात बांधला, तिथे एवढ्याने भागत नाही.

म्हणून खेळ असो, कादंबरी असो की समीक्षा, ‘हे वास्तवाला धरून नाही’ असे कोणी म्हणाले, तर आपण आधी विचारले पाहिजे : कोणाच्या वास्तवाला?