किताब, तालीम आणि खुराक

मोठी ट्रायथलॉन झाली की आठवडाभरात मराठी वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते. कुणा डॉक्टरांनी, कुणा पोलीस अधिकाऱ्याने, कुणा उद्योजकाने ‘आयर्नमॅनचा किताब पटकावला’. गळ्यात पदक, हातात तिरंगा. पुढे रविवारच्या पुरवणीत त्यांचाच लेख येतो, आणि तो आपण आधी कधीतरी वाचलेला असतो. चाळिशीत वजन वाढलं, डॉक्टरांनी दटावलं, मित्राने डिवचलं, मग पहाटे चारचा गजर आणि शेवटी अंतिम रेषेवर डोळ्यांत पाणी. मधले आठ-दहा महिने ‘कठोर परिश्रम घेतले’ एवढ्या तीन शब्दांत उरकलेले असतात. मला जे वाचायचं असतं, ते नेमकं त्या तीन शब्दांखाली पुरलेलं असतं.

आधी ‘किताब’ या शब्दाकडे पाहू. तो आपल्या कानाला कुस्तीमुळे सवयीचा. महाराष्ट्र केसरी एका स्पर्धेतून एकच होतो, आणि समोरच्याला हरवून होतो. ट्रायथलॉनचं तसं नाही. पूर्ण अंतराच्या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणं, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणं सलग करायचं असतं. ठरलेल्या वेळेत जो पोचला तो आयर्नमॅन, मग तो पहिला असो की हजारावा. इथे कुणाकडून काही पटकवायचं नसतं. १९७८ साली हवाईमधल्या ओआहू बेटावर जॉन आणि ज्युडी कॉलिन्स या जोडप्याने तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यतींची अंतरं जोडून हा खेळ सुरू केला, तेव्हा १५ जण निघाले आणि १२ पोचले. आपापसात रंगलेल्या वादातून निघालेली ही हौशी लोकांची खोडी होती.

तिची वीरगाथा झाली ती टीव्हीमुळे. फेब्रुवारी १९८२मध्ये ज्युली मॉस ही विद्यार्थिनी आघाडीवर असताना शेवटच्या टप्प्यात कोसळली, दुसरी स्पर्धक पुढे निघून गेली, आणि ज्युलीने उरलेलं अंतर रांगत पार केलं. ते चित्रण अमेरिकेत घरोघरी पाहिलं गेलं आणि खेळाची प्रतिमा कायमची ठरली : शरीर मोडतं, मन मोडत नाही. दृश्य विलक्षण आहे, यात वादच नाही. पण कॅमेऱ्याला कोसळणं दिसतं, तयारी दिसत नाही. आपल्या पुरवण्यांतले लेख आजही त्याच कॅमेऱ्याने लिहिले जातात.

मिलिंद सोमणचं उदाहरण घ्या. जुलै २०१५मध्ये झुरिकला त्याने वयाच्या ४९व्या वर्षी १५ तास १९ मिनिटांत शर्यत पुरी केली. बहुतेक बातम्यांचा भर दोनच गोष्टींवर होता : वय आणि ‘पहिल्याच प्रयत्नात’. पण हा माणूस तरुणपणी पोहण्यातला राष्ट्रीय विजेता होता आणि झुरिकच्या आधी दहा-बारा वर्षं लांब पल्ल्याचं धावत होता. ती सगळी वर्षं ‘पहिल्याच प्रयत्नात’ या शब्दांनी झाकून टाकली. त्याचं श्रेय फुगवलं, असं मी म्हणत नाही. उलट खरं श्रेय वगळलं. आणि वाचणाऱ्याची समजूत झाली की आपल्यात कमी आहे ती फक्त जिद्दीची.

याउलट हारुकी मुराकामीचं धावण्यावरचं पुस्तक (२००७) पाहा. तोही ट्रायथलॉन करतो. एका शर्यतीत पोहायला सुरुवात करताच त्याला श्वास लागतो आणि बाहेर पडावं लागतं. हा प्रसंग तो रंगवत बसत नाही. पुढे तो एका प्रशिक्षिकेकडे जातो, आणि ती त्याचं पोहणं सुटं करते. एकेक लहान हालचाल वेगळी दुरुस्त करून घेत पुन्हा जोडते. अंतिम रेषेपेक्षा मला ती पानं जास्त आठवतात. तिथे जिद्द नाही, शिकणं आहे.

मी रत्नागिरीत राहून सॉफ्टवेअरचं काम करते आणि माझ्या पहिल्या लांब शर्यतीची तयारी करते आहे. गोव्यात मिरामारला २० ऑक्टोबर २०१९ रोजी पहिल्यांदा भरलेली ही अर्ध्या अंतराची शर्यत : १.९ किलोमीटर पोहणं, ९० सायकल, २१.१ धावणं. ती ऑक्टोबर-नोव्हेंबरात होते, म्हणून तयारीचा मुख्य काळ जून ते सप्टेंबर. तयार मिळणाऱ्या वेळापत्रकांत हे महिने लख्ख उन्हाळ्याचे असतात. आमच्याकडे तेव्हा समुद्र बंद असतो. यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईतो जुनी माणसं पाण्याकडे फिरकू देत नाहीत. आरे-वारेच्या चढावर सड्यावरून पाणी वाहत असतं, रस्त्याच्या कडेला शेवाळ. सायकल पडवीत ट्रेनरवर चढते, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मधोमध. यातलं काहीच शौर्याचं नाही. सगळा विचार आज काय करायचं नाही, याचाच.

आमची अ‍ॅप्सही त्या लेखांसारखीच आहेत. ती ‘चालता वेळ’ ठळक दाखवतात. थांबलेला वेळ आपोआप कापतात. गुरं आडवी आली, पंक्चर काढलं, पाऊस सरेपर्यंत टपरीखाली उभं राहिलं, की तेवढा वेळ आलेखातून गायब. शर्यतीचं घड्याळ मात्र कुणासाठी थांबत नाही. कपडे बदलतानाची मिनिटंही त्यात धरली जातात. मोजमाप काय गाळतं हे पाहणं माझ्या कामाचाच भाग आहे, म्हणून मला हा फरक डाचतो. कापलेला वेळ हाच बहुतेक वेळा त्या दिवसाचा मजकूर असतो.

तयारीबद्दल लिहायला मराठीत भाषा नाही, असं कुणी म्हणू नये. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापूर. तिथे व्यायामाला ‘मेहनत’ म्हणतात, जागेला ‘तालीम’, शिकवणाऱ्याला ‘वस्ताद’. आणि चौथा शब्द : ‘खुराक’. पैलवानाची गोष्ट निघाली की त्याच्या दुधा-बदामाचा खर्च कोण करतं, हा प्रश्न ओघाने येतोच. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान बांधलं तसा मल्लांना आश्रयही दिला, हे लोक एका दमात सांगतात. आपण कुस्तीकडून ‘किताब’ तेवढा उचलला आणि खुराक मागे ठेवला. सायकल, प्रशिक्षक, प्रवेश शुल्क यांचा खर्च लेखात येत नाही. रविवारी पाच तास सायकलवर असताना घरातलं कोण करतं, याचं उत्तर ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ या वाक्यात बुजवलेलं असतं. बाईने लिहिलेल्या लेखात ‘पतीची साथ’ असते खरी, पण तिथे ती परवानगीसारखी वाचली जाते.

हे नुसतं शैलीचं दुखणं असतं तर मी सोडून दिलं असतं. पण ‘हार मानायची नाही’ हे वाक्य समुद्रात धोक्याचं आहे. गणपतीपुळ्याला पर्यटक बुडाल्याच्या बातम्या आम्ही लहानपणापासून वाचत आलो आहोत. वारा फिरलेला पाहून होडी माघारी वळवणाऱ्या तांडेलाला इथे कुणी हरलेला म्हणत नाही. तो जाणता ठरतो. शर्यतीतून वेळीच बाहेर पडणाऱ्याला मात्र आपल्या लेखांत जागाच नाही, कारण त्याच्याकडे पदक नसतं.

म्हणून पुढचा लेख कुणी लिहायला घेतला तर एवढं मागणं. वस्तादाने नेमकं काय दुरुस्त केलं ते लिहा, खुराकाचा हिशेब द्या, घरात कुणाचे तास खर्ची पडले ते सांगा, आणि कुठल्या दिवशी कुठून परत फिरलात तेही येऊ द्या. अंतिम रेषेवरचा फोटो नसला तरी चालेल.