‘सैराट’मधील विवाह, मातृत्व आणि माहेर

सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसराशी जोडलेला, नागराज मंजुळे दिग्दर्शित ‘सैराट’ (२०१६) हा चित्रपट प्रामुख्याने जातवास्तवाच्या अंगाने चर्चिला गेला. त्यातील विवाह व मातृत्वाचा विचार तुलनेने उपेक्षित राहिला. पूर्वार्धात ट्रॅक्टर चालविणारी आर्ची (रिंकू राजगुरू) उत्तरार्धात हैदराबादच्या वस्तीत मजुरी करते, जोडीदाराचा संशय सोसते आणि नोंदणी विवाहानंतर आई होते.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याचा महाराष्ट्रातील प्रघात येथे लक्षात घ्यावा लागतो. आर्चीला ते माहेर उरलेले नाही. पुढे ती आईला फोन करते. त्यानंतर आईकडच्या भेटवस्तू घेऊन भाऊ येतो, तो मारेकरी होऊन. ज्या धाग्याने लेक माहेराशी बांधलेली असते, त्याच धाग्याने जात तिच्या दारापर्यंत पोहोचते. अखेरीस ध्वनी थांबतो. बाळाची रक्ताळलेली पावले तेवढी उरतात.

उत्तरार्ध रेंगाळतो, हा आक्षेप त्यामुळे टिकत नाही. संसार सावकाश उभा राहिला म्हणूनच त्याचा विध्वंस असह्य होतो. आर्चीच्या आईचे मन मात्र चित्रपट उलगडत नाही, ही त्याची मर्यादा होय.