नलतरंग: बंदुकीच्या नळीतला स्वर

मैहर बँडमधल्या नलतरंगाबद्दल कुठेही वाचा, एकच गोष्ट सापडते: उस्ताद अल्लाउद्दीन खाँ यांनी बंदुकीच्या नळ्या कापून हे वाद्य बनवलं. गोष्ट सुंदर आहे. पण लिहिणारे तिथेच थांबतात आणि वाद्य ऐकायचं राहून जातं.

तुम्ही नीट ऐका. तारेचे उपस्वर मूळ स्वराच्या साधारण २, ३, ४ पट असतात. दोन्ही टोकं मोकळी असलेल्या, एकसारख्या जाडीच्या नळीत ते सुमारे २.७६ आणि ५.४० पट येतात. म्हणून आघाताचा पहिला क्षण घंटेसारखा खणखणीत, जरासा बेसूर वाटतो. तार निम्मी केली की वरचा सा मिळतो. नळी मात्र ०.७०७ पट ठेवावी लागते. आधार द्यायचा तो दोन्ही टोकांपासून सुमारे २२.४ टक्के लांबीवर, नाहीतर नाद दबतो.

माझं मत स्पष्ट आहे: हे आलापाचं वाद्य नाही. नळीतून मींड निघत नाही, त्यामुळे संथ रागविस्तारात ते तोकडं पडतं. पण द्रुत गतीत, व्हायोलिनच्या लांब स्वरांवर, तेच वाद्य चालीला धार देतं. एकल वादनापेक्षा वृंदात ते जास्त शोभतं, ते यामुळेच.

आता तुमचं काम. बंदुकीची नळी सहसा एकसारख्या जाडीची नसते. मग वरचे आकडे तिला कितपत लागू पडतात? गोष्ट आवडली तर जरूर सांगा, पण संशोधन सुरू होतं ते अशा मोजता येणाऱ्या प्रश्नापासून.