वंशावळीची संहिता

वंशावळ हा आपण पुरावा मानतो. ती एक संहिताही आहे, हे मात्र समीक्षेच्या विचारात क्वचितच येते. प्रत्येक संहिता निवडीतून आणि वगळण्यातून सिद्ध होते. वंशावळ याला अपवाद नाही.

सेनगाव तालुक्यातील एखादे कुटुंब आपले मूळ शोधू लागले, तर त्याच्यासमोर प्रथम लिपीचा प्रश्न उभा राहतो. हा प्रदेश १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तेव्हाच्या नोंदी उर्दूत किंवा मोडीत आहेत. ज्यांच्या पूर्वजांविषयी त्या आहेत, त्यांनाच त्या बहुधा वाचता येत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हापासून या दप्तरांतील ‘कुणबी’ हा शब्द मराठवाड्यात कळीचा ठरला आहे. नोंदीतल्या माणसाशी आपले नाते दाखवावयाचे, तर वंशावळ हवी. लिहिणाऱ्याने हा शब्द कोणत्या हेतूने योजला, हे नोंद सांगत नाही. आजच्या वाचकाला मात्र त्यात शिक्षणाचा आणि नोकरीचा हक्क दिसतो. शब्द तोच राहिला, वाचनाची निकड बदलली.

ही निकड खोटी नव्हे. परंतु तिच्यामुळे वंशावळीतील मौन अधिकच गडद होते. पित्याकडून पुत्राकडे जाणाऱ्या या रचनेत लेक आणि सून यांना सहसा स्थान नसते. याउलट जात्यावरच्या ओवीत स्त्री बाप, भाऊ आणि माहेर यांना उभे करते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या ओव्या लाखाच्या घरात आहेत. कुळाचा हाही इतिहासच; कचेरीत तो ग्राह्य नाही, इतकेच.

सेनगावशेजारच्या हिंगोली तालुक्यातील नर्सी हे परंपरेने नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. गंगाखेडची जनाबाई त्यांच्या रक्ताच्या नात्यातली नव्हे. तरी ‘नामयाची’ या मुद्रेने ती स्वतःला त्या घरात नोंदवते. रक्ताच्या वंशावळीत तिला जागा नाही, आणि तिला वगळून नामदेवांच्या घराची वाङ्मयीन परंपरा सांगता येत नाही.

म्हणून मूळ शोधणाऱ्याने दप्तराची नक्कल अवश्य मागावी. पण त्याआधी घरातल्या आजीच्या ओव्या उतरवून घ्याव्यात. दप्तर आणखी काही वर्षे वाट पाहू शकेल.