आज्ञापत्र : उपदेश आणि अनुभव

नेतृत्वाच्या प्रशिक्षणवर्गांत रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’तली वाक्ये अलीकडे ऐकू येतात. एखादे वाक्य पडद्यावर येते आणि त्याखाली त्याचा व्यवस्थापनाच्या परिभाषेतला अर्थ. अशा वर्गात मीही बसलो आहे. या निमित्ताने ग्रंथाचे नाव चार लोकांच्या कानी पडते, हे चांगलेच. परंतु सुटी केलेली वाक्ये सुभाषितांसारखी वाटू लागतात, आणि ‘आज्ञापत्र’ हा सुभाषितांचा ग्रंथ नव्हे. कारभार केलेल्या, आणि कारभार कुठे फसतो हे पाहिलेल्या माणसाचा तो ग्रंथ आहे.

तो सिद्ध झाला १७१५च्या सुमारास, कोल्हापूरच्या संभाजीराजांसाठी. तोवर पंतांच्या गाठीशी चार दशकांचा अनुभव होता. १६७४च्या राज्याभिषेकाच्या वेळी ते अमात्य होते. १६८९मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराज जिंजीला गेले आणि ‘हुकूमतपन्हा’ या अधिकाराने महाराष्ट्रातला कारभार पंतांकडे आला. खजिना रिता, छत्रपती दूर आणि औरंगजेब दारात, अशा काळात त्यांनी माणसे बांधून ठेवली.

या अनुभवाची खूण दुर्गांच्या प्रकरणात जागोजाग दिसते. किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे, हे कोणीही सांगेल. पंत त्यापुढे जातात. झरा असला तरी त्यावर विसंबू नये, टाकी खोदून ठेवावीत. कारण लढाईत तोफांच्या दणक्याने झऱ्याचे पाणी कमी होते आणि खर्च मात्र वाढतो. गडावरचा केर जागच्या जागी जाळावा आणि त्याची राख परसात टाकून भाजीपाला करावा, इतक्या बारकाव्यापर्यंत ते उतरतात. कल्पनाशक्ती या शब्दाने आपल्याला भव्य स्वप्ने आठवतात. इथे तिचा अर्थ वेगळा आहे. आज वाहता दिसणारा झरा वेढ्याच्या दिवसांत कसा असेल, हे आधी डोळ्यांपुढे आणणे म्हणजे कल्पनाशक्ती.

आरमाराच्या प्रकरणात हीच शक्ती माणसांकडे वळते. गलबतांना लाकूड हवे आणि आंबा-फणसाचे लाकूड उपयोगाचे आहे, हे पंत मान्य करतात. तरीही त्या झाडांना हात लावू देत नाहीत. ती वर्षा-दोन वर्षांत वाढत नाहीत. रयतेने ती लेकरांसारखी जोपासलेली असतात. तोडली तर तिच्या दुःखाला पार उरत नाही. झाड अगदीच जीर्ण असेल, तर धन्याला राजी करून, मोल देऊन तोडावे. बळजोरी करू नये. हा उतारा आता पर्यावरणाच्या भाषणांतही येतो. मला त्यात अधिक महत्त्वाचे वाटते ते असे की, हुकूम सोडणारा माणूस तो हुकूम ज्याच्या परसात पोचणार, तिथे क्षणभर जाऊन उभा राहिला आहे.

प्रशिक्षणवर्गात ज्याला ‘प्रेरणा’ म्हणतात, त्याविषयी ग्रंथ काय सांगतो? चाकरीच्या बदल्यात जमीन वंशपरंपरेने इनाम देऊ नये, अशी त्याची स्पष्ट शिकवण आहे. एकेक गाव देता देता राज्यच आटते, आणि वतनदार वतनासाठी शत्रूलाही मिळतो. हे वाचताना मला दरवेळी अडायला होते. कारण जिंजीच्या दिवसांत औरंगजेब वतनांचे आमिष दाखवत होता, तेव्हा सरदारांना आपल्या बाजूला ठेवण्यासाठी मराठी राज्यानेही वतने आणि इनामे कबूल केली. त्या कारभारात पंत अग्रभागी होते. पुढे त्यांच्या घराण्याकडेही बावड्याची जहागीर राहिली.

मग हा उपदेश पोकळ ठरतो का? तसे म्हणणे सोपे आहे, पण मला ते पटत नाही. वतनाने माणूस किती लवकर कामाला लागतो आणि नंतर किती लवकर स्वतंत्र होऊ पाहतो, हे पंतांनी जवळून पाहिले होते. संकटात घेतलेले ते कर्ज होते आणि त्याचे व्याज पुढच्या पिढीला भरावे लागणार, हे त्यांना दिसत होते. म्हणूनच वतनदारांविषयी लिहिताना त्यांची भाषा इतकी सावध होते. अर्थात, स्वतः जहागीर राखून दुसऱ्यांना वेतनावर समाधान मानायला सांगण्यातली विसंगती यामुळे पुसली जात नाही. ती ध्यानात ठेवूनच ग्रंथ वाचायला हवा. ती गाळली की पंतांचा पुतळा होतो आणि ग्रंथाची पाटी.

पडद्यावरच्या वाक्यांत नेमकी हीच बाजू गळते. तिथे प्रेरणा म्हणजे वरून खाली सोडलेले चार उत्साही शब्द. ‘आज्ञापत्रा’त उत्साही शब्दांना फारसे स्थान नाही. तिथे पाण्याची टाकी आहेत, झाडाचे मोल आहे, आणि कोणाला काय द्यावे व काय देऊ नये, याचा हिशेब आहे. माणसे कामाला लागतात ती या व्यवस्थेवरच्या भरवशाने. व्यवस्था विस्कटलेली ठेवून उतारे वाचून दाखवणाऱ्या अधिकाऱ्याने हा ग्रंथ एकदा सलग वाचावा. त्यातली आज्ञा हाताखालच्यांसाठी नाही; ती राज्य चालवणाऱ्यासाठी आहे.